नोकरीचा अर्ज कसा लिहावा



सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास अंबरनाथ स्टेशनच्या पूर्वेला जरा उभे राहून पाहा. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांची गर्दी तर जगजाहीर आहे. पण कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूरकडून येऊन इथेच उतरणारी माणसेही थोडीथोडकी नसतात. कुणी रिक्षाने, कुणी कंपनीच्या बसने, कुणी पायीच आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीकडे निघतात. या घोळक्यात रोज पाच-दहा चेहरे असे असतात, की त्यांच्या हातात जेवणाचा डबा नसतो, प्लास्टिकची पिशवी असते. पिशवीत कागद असतात. हे नोकरी मागायला आलेले.

मी या भागातल्या एका कारखान्याच्या कामगार कचेरीत पुष्कळ वर्षे काढली. फाटकावरचा रखवालदार येणाऱ्यांचे अर्ज घेऊन ठेवी, आणि दुपारी चहाच्या वेळेला तो गठ्ठा माझ्या टेबलावर येई. तुम्ही विचाराल, एकेक अर्ज वाचायला तुम्ही वेळ किती घेत होता? खरे सांगतो, अर्धे मिनिट. कधी त्याहूनही कमी. आपण रात्रभर जागून लिहिलेला कागद साहेब चष्मा लावून शांतपणे वाचत बसला असेल, असे अर्जदाराला वाटते. तसे होत नाही. वाचणाऱ्याला त्या दिवशी तीन फिटर आणि एक बॉयलर अटेंडंट हवा असतो, आणि तो गठ्ठ्यातून एवढेच हुडकत असतो. ज्याच्या अर्जातून ते चटकन दिसते त्याचा कागद उजवीकडे जातो, बाकीचे डावीकडे. डावीकडच्या ढिगात कितीतरी चांगली माणसे गेली असतील. त्यांतल्या एकाची हकिगत पुढे सांगणारच आहे.

आपल्या या टापूला नोकरी शोधणाऱ्यांचा इतिहास फार जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपता संपता, जुलै 1945 मध्ये, सरकारने लष्करातून सुटणाऱ्या जवानांना कामधंदा मिळवून देण्यासाठी एक स्वतंत्र खाते काढले आणि देशभर सेवायोजन कार्यालये उघडली. दोन वर्षांत फाळणी झाली. सिंधमधून आलेली जवळजवळ लाखभर माणसे त्याच छावणीच्या बराकींत येऊन राहिली, आणि 1949 साली त्या वस्तीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तिथले लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर पाच असेच सांगतात. जवानांसाठी निघालेली ती कार्यालये मग निर्वासितांसाठी खुली झाली आणि 1948 पासून सर्वांसाठी.

आता कल्पना करा, की कराचीहून किंवा सिंधमधल्या हैदराबादेहून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेला माणूस त्या खिडकीपाशी उभा आहे. शाळेचा दाखला तिकडे राहिला, नोकरीचे कागद तिकडे राहिले, ओळखीचे मालकही कुठल्या कुठे पांगले. अशा माणसाने अर्जात लिहायचे तरी काय? ‘मला शिवण येते’, ‘मला हिशेबाची वही ठेवता येते’, ‘मी मिठाई करतो’, एवढेच. जे हाताला येते तेवढेच त्याच्याजवळ उरले होते, आणि अर्जाच्या मुळाशी हीच एक गोष्ट असते: मला काय करता येते. बाकी सगळे तिच्या मागोमाग येते.

पुढे या पट्ट्यात कामाला तोटा राहिला नाही. अंबरनाथला ‘विमको’चा आगपेट्यांचा कारखाना त्याही आधीपासूनचा. ऑर्डनन्स फॅक्टरी होतीच; तिच्या शेजारी 1953 साली यंत्रसामग्रीचे नमुने बनवणारा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना निघाला. शहाडला सेंच्युरी रेयॉन आला. 1 ऑगस्ट 1962 रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि मग रसायनांचे, औषधांचे, इंजिनिअरिंगचे लहानमोठे कारखाने रांगेने उभे राहिले. बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे पाणी त्यांना मिळू लागले. आगपेटीचा कारखाना आता राहिला नाही. ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांचेही ऑक्टोबर 2021 मध्ये सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले. अंबरनाथची फॅक्टरी यंत्र इंडियाकडे गेली आणि प्रोटोटाइप कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. कामाच्या जागा बदलल्या, पण काम मागायला येणारा माणूस आणि त्याच्या पिशवीतला कागद मात्र अजून तसाच आहे.

इथे एक खुलासा करून पुढे जातो. सरकारी किंवा सरकारी कंपनीतील नोकरीला आपण लिहिलेल्या कागदाचा फारसा उपयोग नसतो. तिथे जाहिरात निघते, ती ‘रोजगार समाचार’सारख्या साप्ताहिकात, वर्तमानपत्रांत आणि संकेतस्थळावर येते, आणि तिच्यात ठरवून दिलेला नमुनाच भरावा लागतो. एक रकाना चुकला तरी अर्ज बाद. तिथे आपली अक्कल चालवू नये. जसे मागितले तसे भरावे. मी जे सांगतो आहे ते खाजगी कारखाने, दुकाने, दवाखाने, शाळा, गोदामे यांच्यासाठी. तिथे कागद कोरा असतो, आणि कोऱ्या कागदाचीच भीती जास्त.

या कागदाला हल्ली कुणी बायोडाटा म्हणते, कुणी सीव्ही म्हणते, कुणी रेझ्युमे. रेझ्युमे हा फ्रेंच शब्द, त्याचा अर्थ सारांश. बायोडाटा या शब्दाने आपल्याकडे मोठा घोटाळा केला आहे, कारण लग्नाच्या स्थळालाही आपण बायोडाटाच पाठवतो. हसू नका, पण उंची, वर्ण, रास, कुलदैवत आणि ‘मामांचे गाव’ लिहिलेले अर्ज मी नोकरीसाठी आलेले पाहिले आहेत. झेरॉक्सच्या दुकानात एकच साचा दोन्हीकडे चालवतात, त्याला ते पोर बिचारे काय करणार!

त्या झेरॉक्सच्या दुकानातल्या साच्याविषयी चार शब्द बोलतोच. स्टेशनबाहेर वीस-तीस रुपयांत बायोडाटा करून मिळतो. दुकानदार नाव, पत्ता, शिक्षण बदलतो आणि बाकीचे तसेच ठेवतो. त्यामुळे एकाच दिवशी माझ्या टेबलावर चौदा अर्ज असे आले होते, की चौदाही जणांचा छंद क्रिकेट खेळणे आणि गाणी ऐकणे, चौदाही जण कष्टाळू व प्रामाणिक, आणि चौदाही जणांचे ध्येय आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीत हातभार लावणे. ते ध्येय इंग्रजीत छापलेले असते. मी एकाला म्हणालो, ‘बाळ, हे वाचून दाखव.’ त्याला वाचता आले नाही. त्याची चूक नव्हती, पण त्या क्षणी त्याचा चेहरा पडला तो काही शेवटपर्यंत वर आला नाही. म्हणून माझे मत असे, की जे आपल्याला मोठ्याने वाचता येत नाही ते आपल्या नावाखाली छापू नये. कामगाराच्या जागेसाठी स्वच्छ मराठीतला अर्ज चालतो. इंग्रजीत करायचा तर सोपी, लहान वाक्ये करावीत. फिटर, टर्नर, व्हर्नियर, कॉम्प्रेसर हे शब्द दोन्ही भाषांत तेच आहेत.

कष्टाळू आणि प्रामाणिक हे शब्द तर काढूनच टाका. ते खोटे असतात म्हणून नव्हे. आळशी माणूसही तेच लिहितो, म्हणून. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. प्रामाणिकपणा दाखवायचा असेल तर ‘दूध संकलन केंद्रावर दोन वर्षे रोजची रोकड व वही सांभाळली’ असे लिहा. तुमच्या हाती कुणीतरी पैसे दिले होते आणि दोन वर्षे देत राहिले, हे वाचणाऱ्याला आपोआप समजते.

थोडे दूर जाऊन एक जुनी गोष्ट सांगतो. इटलीत लिओनार्दो दा व्हिंची नावाचा चित्रकार होऊन गेला. त्याची चित्रे आज जगप्रसिद्ध आहेत. सुमारे 1482 साली, वयाच्या तिशीत, तो कामाच्या शोधात होता, आणि मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी त्याने एका अर्जाचा मसुदा केला. तो मसुदा आजही जपून ठेवलेला आहे. आता एवढ्या मोठ्या चित्रकाराने पहिल्या ओळीत काय लिहावे? मी चित्रे काढतो, असे? मुळीच नाही. त्या वेळी मिलानला लढायांची चिंता होती. म्हणून लिओनार्दोने हलके, चटकन उचलून नेता येतील असे पूल, वेढा घातलेल्या किल्ल्याच्या खंदकातले पाणी काढण्याची युक्ती, तोफा, झाकलेले गाडे, असे एकामागून एक क्रमांक घालून लिहिले. शांततेच्या काळात इमारती बांधीन, पाणी एका जागेहून दुसरीकडे नेईन, हे त्यानंतर. मूर्तिकाम आणि चित्रकला अगदी शेवटी. आणि सर्वांत शेवटी त्याने म्हटले, की यातले काही अशक्य वाटत असेल तर आपण सांगाल तिथे प्रयोग करून दाखवायला मी तयार आहे. पुढे मिलानच्या दरबारात त्याने बरीच वर्षे काढली.

या अर्जातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. समोरच्याला जे हवे ते त्याने आधी लिहिले. स्वतःला जे आवडते ते मागे ठेवले. आणि परीक्षा घ्या म्हणून त्याने आपण होऊन सांगितले. आपल्याकडे कारखान्यात याला ट्रेड टेस्ट म्हणतात. ‘प्रत्यक्ष काम करून दाखवण्यास तयार आहे’ ही एक ओळ अर्जाच्या शेवटी असली, की माझा हात तरी डावीकडे जाता जाता थांबत असे.

आता एक मासला घेऊ. मुरबाडकडचा एक मुलगा माझ्या ओळखीच्या मास्तरांबरोबर घरी आला होता. त्याचा आधीचा अर्ज असा होता: ‘मी गरीब शेतकरी कुटुंबातील असून मला नोकरीची अत्यंत गरज आहे. माझे शिक्षण आय.टी.आय. झाले आहे. मला कंपनीचा अनुभव आहे. तरी कृपा करून मला कोणतेही काम द्यावे ही नम्र विनंती.’ यात वाईट काय आहे? एक शब्दही खोटा नाही. पण कोणत्या व्यवसायाचे आय.टी.आय.? कोणत्या कंपनीचा, किती दिवसांचा, कशाचा अनुभव? ‘कोणतेही काम’ म्हणजे काय? गरज आहे हे तर सगळ्यांनाच ठाऊक असते. गरज नसलेला माणूस कशाला रखरखत्या उन्हात फाटकावर येईल!

मी त्याला समोर बसवले आणि कागद बाजूला ठेवून विचारू लागलो. कुठला व्यवसाय? फिटर. किती वर्षांचा? दोन. मग? मग एक वर्ष शिकाऊ उमेदवार म्हणून पंपाच्या कारखान्यात. तिथे काय करत होतास? ‘सगळेच करत होतो.’ सगळेच म्हणजे काय, एक दिवस सांग. तेव्हा तो बोलू लागला. सकाळी पंप खोलायचा, बेअरिंग ओढून काढायचे, शाफ्ट व्हर्नियरने मोजायचा, ग्लँड भरायची, जोडून मोटारीशी अलाइनमेंट करायची. दिवसाला दोन पंप. नंतर गावी परत आला, कारण वडील आजारी पडले. वर्षभर शेती केली; आणि आसपासच्या तीन गावांतले विहिरीवरचे पंप हाच दुरुस्त करत होता. ते अर्जात का नाही लिहिले? तर म्हणाला, ‘ते काय, गावातलं काम. त्याचं सर्टिफिकेट कुठं आहे?’

मग आम्ही मिळून लिहिले. वर नाव, गाव, फोन. त्याखाली एकच ओळ: ‘फिटर, पंपाची देखभाल व दुरुस्ती यांचा अनुभव.’ पुढे: ‘आय.टी.आय. फिटर, दोन वर्षे, 2021 साली उत्तीर्ण. त्यानंतर पंपाच्या कारखान्यात एक वर्ष शिकाऊ उमेदवार. सेंट्रिफ्यूगल पंप खोलणे, बेअरिंग व ग्लँड पॅकिंग बदलणे, अलाइनमेंट करणे. मदतनिसासह दिवसाला दोन पंप. व्हर्नियर (0.02 मि.मी.) व मायक्रोमीटर (0.01 मि.मी.) वापरून मापे घेता येतात. वडिलांच्या आजारपणामुळे एक वर्ष गावी शेती. त्याच काळात परिसरातील विहिरींवरील सुमारे पंचवीस पंपांची दुरुस्ती. शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी आहे. प्रत्यक्ष काम करून दाखवण्यास तयार आहे.’ बस्स. अर्धे पान झाले. मुलगा तोच, पण आता तो कागदावर दिसू लागला.

यातली मेख काय ते मास्तर लोकांच्या ध्यानात आलेच असेल. क्रियापदे. खोलणे, बदलणे, मोजणे, भरणे. ‘मला ज्ञान आहे’ असे लिहिण्यापेक्षा ‘मी हे केले’ असे लिहावे, आणि जिथे जमेल तिथे आकडा द्यावा: किती पंप, किती नग, किती दिवस, किती माणसांबरोबर. रसायनाच्या कारखान्यात हेल्पर असाल तर नुसते ‘केमिकल कंपनी’ असे न लिहिता रिअ‍ॅक्टर चार्ज करत होता, सेंट्रिफ्यूज चालवत होता की ड्रायरचे ट्रे भरत होता, ते लिहा. आनंदनगरमध्ये सेंट्रिफ्यूज चालवलेल्या माणसाला आणि फक्त पिंप उचललेल्या माणसाला वेगवेगळी किंमत आहे. पिंप उचलण्यातही कमीपणा नाही, पण मग तसे लिहावे.

सर्वांत शेवटी केलेले काम सर्वांत आधी लिहावे. आपली जुनी सवय पहिलीपासून सुरू करण्याची असते. वाचणाऱ्याचे अर्धे मिनिट तुमच्या प्राथमिक शाळेच्या नावातच संपून जाते. धर्म, जात, विवाहित की अविवाहित हे खाजगी नोकरीच्या अर्जात लिहायचे कारण नाही. राखीव जागेच्या अर्जात जात विचारतात, तिथे ती दाखल्यासह द्यावी लागते. ती गोष्ट निराळी.

भगिनींविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. उल्हासनगरात जीन्सच्या शिलाईचा धंदा घराघरांतून पसरलेला आहे. एक बाई एकदा अर्ज घेऊन आल्या. दहावी, पुढे पंधरा वर्षे ‘गृहिणी’, अनुभव ‘नाही’. बोलता बोलता कळले, की त्या पंधरापैकी अकरा वर्षे त्या नगावर शिलाई करत होत्या. साधी मशीन, ओव्हरलॉक, पँटच्या आतली दुहेरी शिलाई घालणारी फीड ऑफ द आर्म, सगळ्या येतात. दिवसाला दीडशे पँटींचे मागचे खिसे. सणाच्या आधी दोन शेजारणींना हाताखाली घेऊन त्यांचे काम तपासूनही देत. मी म्हटले, ‘ताई, याला अनुभव नाही म्हणायचे तर मग कशाला म्हणायचे?’ त्या म्हणाल्या, ‘पण ते तर घरात केलं ना.’ पगारपत्रक नसले तरी काम हे कामच असते. कारखान्याचे नाव नाही, तर ‘घरून, नगावर’ असे स्पष्ट लिहावे. ज्या व्यापाऱ्याचे काम केले त्याला विचारून त्याचा फोन द्यावा. बचत गटाचे हिशेब, अंगणवाडीतली मदत, पिठाची गिरणी चालवणे, आजारी सासूची वर्षानुवर्षे शुश्रूषा (दवाखान्यात आयाची जागा हवी असेल तर हा मोठाच अनुभव आहे), ही सारी कामे लिहिण्याजोगी आहेत. मधली रिकामी वर्षे लपवू नयेत. एका ओळीत कारण सांगून मोकळे व्हावे. न सांगितलेल्या वर्षांविषयी वाचणारा भलतेच काही कल्पून बसतो.

लपवण्यावरून खोट्याकडे येतो. एका मुलाने लिहिले होते, सी.एन.सी. ऑपरेटर, पाच वर्षे. वय बावीस. आमच्या फोरमनने त्याला मशिनीपुढे उभे केले आणि विचारले, टूल ऑफसेट कुठे भरतोस? मुलगा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला, मग त्याने एक बटण दाबले. ते मशीन तातडीने बंद करायचे लाल बटण होते. सगळे हसले, मला हसू आले नाही. कारण नंतर कळले, की तो सी.एन.सी.वर खरोखरच आठ महिने हेल्पर होता. जॉब लावणे, काढणे, गेजने तपासणे त्याला उत्तम येत होते, आणि आम्हाला नेमका तसाच हेल्पर हवा होता. ‘सी.एन.सी. हेल्पर, आठ महिने’ एवढे खरे लिहिले असते तर त्याच दिवशी कामाला लागला असता. ‘पाच वर्षे लिही’ असे त्याला कुणी सांगितले होते? बायोडाटा करून देणाऱ्या दुकानदाराने.

आणि आता डाव्या ढिगाची गोष्ट. वहीचे फाडलेले पान, वेडेवाकडे अक्षर, मजकूर दोन ओळींचा: ‘मला वेल्डिंगचे काम येते. काम मिळावे ही विनंती.’ मी तो कागद डावीकडे टाकला. चार-पाच महिन्यांनी कारखान्यात वाफेची नळी फुटली, ठेकेदाराची माणसे रात्री आली, आणि त्यांच्यातल्या एकाने उताणे पडून, आरशात पाहत, नळीच्या मागल्या बाजूचा सांधा असा जोडला की तपासणारा इंजिनिअरही थक्क झाला. नाव विचारले तेव्हा मला तो कागद आठवला. तोवर तो ठेकेदाराकडे रोजंदारीवर लागला होता. ‘आरशात पाहून पाइप वेल्डिंग करतो’ एवढे पाच शब्द त्या पानावर असते तर वेडेवाकडे अक्षर मी खपवून घेतले असते. आणि मीही त्याला एक फोन करून ‘कसले वेल्डिंग?’ असे विचारू शकत होतो. तो केला नाही.

आता शिक्षकांशी थोडे बोलायचे आहे. गावात अर्ज लिहायचा झाला की माणूस गुरुजींकडेच येतो, ही चाल अजून मोडलेली नाही. पण अर्जाची खरी सुरुवात शाळेच्या जनरल रजिस्टरात होते. महाराष्ट्रात अमुक एका पिढीतल्या किती माणसांची जन्मतारीख 1 जून आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. आईबापांना तारीख सांगता आली नाही, शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजींनी 1 जून लिहून टाकली. हेतू चांगलाच होता. पण तीच माणसे पुढे कारखान्यात आली तेव्हा दाखल्यावर 1 जून, आधारवर 1 जानेवारी, आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत तिसरीच तारीख, असा गोंधळ झाला. नावाचेही तसेच. दाखल्यावर ‘दत्तू’, आधारवर ‘दत्तात्रय’, पॅनवर आडनाव आधी. 2014 पासून भविष्य निर्वाह निधीसाठी प्रत्येक कामगाराला एक कायमचा क्रमांक मिळतो. त्याच्याशी नाव-तारीख जुळली नाही की पैसे काढताना माणूस कचेऱ्यांचे उंबरे झिजवतो. आधारवरची तारीख हा जन्माचा पुरावा नव्हे. जानेवारी 2024 मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेनेही जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकले. तेव्हा मूल शाळेत आहे तोवरच त्याचे नाव, स्पेलिंग आणि तारीख सगळीकडे एक करून घ्या. शाळा सुटल्यावर ही दुरुस्ती फार जड जाते. अर्जातही नाव दाखल्यावर आहे तसेच, अक्षरन् अक्षर, लिहायला सांगा.

आठवी-नववीच्या वर्गात आपण पत्रलेखन शिकवतो. ‘गावातील रस्त्याच्या दुरुस्तीबाबत’ किंवा ‘पुस्तकांची मागणी करणारे’ पत्र असते. एखाद्या तासाला मुलांना आपल्या आईच्या किंवा वडिलांच्या कामाचा अर्ज लिहायला सांगून पाहा. घरी जाऊन विचारावे लागेल: आई, तू दिवसभरात काय काय करतेस? वीटभट्टीवर एका पाथ्यात किती विटा? भाताची लावणी दिवसाला किती गुंठे? विचारल्याशिवाय लिहिता येणार नाही.

कागदपत्रांचे एक सांगायचे राहिले. मूळ प्रमाणपत्रे फाटकावर कुणाच्या हाती देऊ नका, प्रती द्या. 26 जुलै 2005 च्या पुरात बदलापूर-कल्याणकडच्या कितीतरी घरांतले कागद पाण्यात गेले. 2019 च्या जुलैत उल्हास नदीचे पाणी पुन्हा चढले. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती ते तुम्हाला आठवत असेल. पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलेला दाखला अशा वेळी आधी भिजतो. 2015 पासून सरकारने डिजिलॉकर ही सोय केली आहे. गुणपत्रिका आणि इतर दाखले तिथे मिळतात, ते मोबाइलवर ठेवता येतात. मात्र आधार क्रमांक, पॅन, बँकेचा खातेक्रमांक अर्जात लिहू नये. नेमणूक झाल्यावर कंपनी मागेल तेव्हा द्यावा. आणि जो माणूस गणवेशासाठी, ओळखपत्रासाठी, ‘साहेबांना चहापाण्यासाठी’ म्हणून आधी पैसे मागतो, तो नोकरी देणारा नव्हे. अशा माणसाने फोनवर कितीही मोठ्या कंपनीचे नाव घेतले तरी कंपनीच्या फाटकावर जाऊन चौकशी करून यावे.

सेवायोजन कार्यालयाची नोंदणी आता महास्वयं या शासकीय संकेतस्थळावर होते. ती करून ठेवावी. मोबाइलवरून अर्ज पाठवायचा तर त्याचा फोटो काढून पाठवू नका, तिरका आणि काळपट येतो. पी.डी.एफ. करा आणि तिला स्वतःचे नाव व व्यवसाय हेच नाव द्या. मोठ्या कंपन्यांत हल्ली पहिल्यांदा संगणकच अर्ज चाळतो. त्याला चौकटी आणि नक्षी समजत नाही, सरळ ओळी समजतात. जाहिरातीत ‘इलेक्ट्रिशियन’ लिहिले असेल तर आपणही ‘इलेक्ट्रिशियन’च लिहावे; ‘वायरमन’ लिहिले तर तो पुढे निघून जाईल. अर्जावर जो फोन नंबर देता तो चालू ठेवा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण निवडलेल्या माणसांपैकी काहींना फोन लागला नाही म्हणून आम्ही पुढच्याला बोलावल्याचे प्रसंग माझ्या आठवणीत आहेत.

जिथे जिथे अर्ज दिला त्याची एक प्रत घरी ठेवा, आणि तिच्या मागे कंपनीचे नाव व तारीख लिहा. मुरबाडच्या त्या मुलाने अकरा ठिकाणी अर्ज दिले होते. त्याला फोन आला तेव्हा तो आवणात लावणी करत होता, हात चिखलाने भरलेले. त्याने सांगितले, ‘साहेब, दोन मिनिटांनी मी करतो.’ घरी आला, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद पाहिला, आणि फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला: पंचवीस पंपांत सर्वांत जास्त काय बिघडायचे?

‘फूट व्हॉल्व्ह,’ तो म्हणाला, आणि का ते सांगू लागला.